युगोस्लाव्हियाचा शेवटचा संघ

२९ मे १९९१ रोजी इटलीतल्या बारी शहरात युरोपियन कपचा अंतिम सामना झाला. त्यात रेड स्टार बेलग्रेडचे जे अकरा जण मैदानात उतरले, त्यांची जन्मगावं नकाशावर शोधत गेलं की जवळजवळ अख्खा युगोस्लाव्हिया फिरून होतो. गोलरक्षक आणि कर्णधार स्तेवान स्तोयानोविच कोसोवोतल्या मित्रोवित्साचा. नायदोस्की आणि पान्चेव मॅसेडोनियाचे. साविचेविच, मारोविच आणि शबानाजोविच माँटेनेग्रोचे, त्यातला शबानाजोविच मुसलमान. युगोविच आणि बिनिच मध्य सर्बियातले. मिहायलोविच क्रोएशियातल्या वुकोवारचा, वडील सर्ब आणि आई क्रोएट. प्रोसिनेच्कीचं उलटं, वडील क्रोएट आणि आई सर्ब. आईवडील पोटासाठी जर्मनीत गेले असताना तो तिथेच जन्मला. बचावातला मियोद्राग बेलोदेदिच रुमानियातला सर्ब. चाउशेस्कूच्या राजवटीतून १९८८ मध्ये पळून तो बेलग्रेडला आला आणि त्यापायी एक वर्षाची बंदीही त्याने भोगली.

त्या रात्री हा संघ युरोपचा विजेता झाला. चार आठवड्यांच्या आत स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि या अकरा जणांना एकत्र आणणारा देश मोडायला लागला.

हा विजय बंधुभावाची शेवटची निशाणी म्हणून सांगण्याची पद्धत आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. मैदानावरचा रेड स्टार सगळ्या युगोस्लाव्हियाचा होता. गॅलरीतला रेड स्टार तसा राहिला नव्हता. त्या दोन वर्षांत एकाच क्लबच्या आवारात देशातलं सगळ्यात सुंदर काम चाललं होतं आणि सगळ्यात भयंकर कामाची भरतीही तिथेच चालली होती. दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्याशिवाय या हंगामाची गोष्ट पुरी होत नाही.

आपल्याकडच्या जुन्या पिढीला युगोस्लाव्हिया परका नव्हता. नेहरू, नासर आणि टिटो हे त्रिकूट वर्तमानपत्रांतून घरोघर पोचलेलं होतं. अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद १९६१ मध्ये बेलग्रेडलाच भरली. फुटबॉलमध्ये तर ओळख आणखी जुनी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी आपल्याला दहा गोलांनी झोडपलं, आपला एकच झाला. चार वर्षांनी मेलबर्नमध्ये उपांत्य फेरीत पुन्हा त्यांचीच गाठ पडली. तो सामना आपण ४-१ असा हरलो, पण भारताचा तो एकमेव गोल केला मूळच्या गोव्याच्या आणि मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाने. तंत्रात, चेंडूवरच्या हुकमतीत हे लोक युरोपातले ब्राझिलियन मानले जात. पण मोठा चषक काही त्यांच्या हाती लागत नव्हता. ऐन वेळी कच खाणारे, अशीच त्यांची ख्याती झाली होती.

रेड स्टारची स्थापना ४ मार्च १९४५ ची, बेलग्रेड मुक्त झाल्यानंतर काही महिन्यांतली. त्यांचं मैदान एवढं प्रचंड, की लोक त्याला रिओवरून ‘माराकाना’च म्हणत. १९८० च्या दशकाच्या मध्याला क्लबचा कारभार दोघांच्या हाती होता : एकेकाळचा अप्रतिम डावा विंगर द्रागान जायिच आणि बास्केटबॉलमधून आलेला व्लादिमिर त्स्वेत्कोविच. पाच वर्षांत युरोपियन कप बेलग्रेडला आणायचा, असा त्यांचा आराखडा होता. त्यासाठी त्यांनी देश पालथा घातला. तितोग्रादहून साविचेविच, स्कोप्येहून पान्चेव, सारायेव्होहून शबानाजोविच. प्रोसिनेच्की तर झाग्रेबच्या दिनामोने हातचा घालवलेला मुलगा. दिनामोचा प्रशिक्षक चिरो ब्लाझेविच म्हणाला होता म्हणतात, की हा पोरगा फुटबॉलपटू झाला तर मी माझा प्रशिक्षकाचा डिप्लोमा खाईन. हा किस्सा पुढे लागणार आहे.

या जमवाजमवीला देशाच्या दोन नियमांनी हातभार लावला. पहिला असा, की खेळाडूने वयाची २८ वर्षं पूर्ण केल्याशिवाय परदेशी क्लबात जायचं नाही. १९९० च्या सुमारास तो सैल पडत चालला होता, तरी एवढी वर्षं त्याच्यामुळे तरणी पोरं देशातच राहिली. दुसरा नियम फक्त काही हंगाम टिकला, पण माझ्या मते चषकाच्या गोष्टीत त्याचा वाटा मोठा आहे. लीगमध्ये संगनमताने बरोबरीत सोडवलेल्या सामन्यांचा बुजबुजाट झाला होता. त्यावर १९८८ पासून असा तोडगा काढला, की सामना बरोबरीत सुटला तर तिथल्या तिथे पेनल्टी मारायच्या. जिंकणाऱ्याला एक गुण, हरणाऱ्याला काहीच नाही. त्यामुळे जे इतर देशांतल्या खेळाडूंना जन्मात दोन-चारदा करावं लागतं, ते युगोस्लाव्ह खेळाडूंना लीगमध्ये वारंवार करावं लागे. थकलेल्या पायांनी, भरल्या मैदानात, एका गुणासाठी पेनल्टी मारायची.

ही सवय अंगी मुरण्याआधी एक घाव बसायचा होता. नोव्हेंबर १९८८ मध्ये एसी मिलान बेलग्रेडला आलं होतं. साविचेविचच्या गोलने रेड स्टार पुढे होता, आणि धुकं एवढं उतरलं की सामना थांबवावा लागला. दुसऱ्या दिवशी तो पहिल्यापासून खेळवला गेला. १-१ अशी बरोबरी झाली, पेनल्टीवर मिलान जिंकलं आणि पुढे त्या मोसमाचा कपही घेऊन गेलं. चुकलेल्या पेनल्टींमध्ये एक साविचेविचची होती.

आता १३ मे १९९० कडे यायला हवं. क्रोएशियात नुकत्याच बहुपक्षीय निवडणुका झाल्या होत्या आणि फ्रान्यो तुजमान यांचा राष्ट्रवादी पक्ष जिंकला होता. अशा आठवड्यात रेड स्टारचा सामना झाग्रेबच्या माक्सिमिर मैदानावर, दिनामोशी. खेळाच्या हिशेबाने सामन्याला काही अर्थ उरला नव्हता, लीग रेड स्टारने आधीच जिंकली होती. बेलग्रेडहून हजारो पाठीराखे आले. त्यांना ‘देलिये’ म्हणत. त्यांचा म्होरक्या होता झेलिको राझ्नातोविच, टोपणनाव आर्कान. पश्चिम युरोपातल्या देशोदेशी बँका लुटलेला, तुरुंग फोडून पळालेला आणि बेलग्रेडच्या गुप्त पोलिसांशी लागेबांधे असलेला माणूस. सामना सुरूच झाला नाही. देलियेंनी जाहिरातींचे फलक आणि खुर्च्या उखडायला सुरुवात केली. समोरच्या टोकाचे दिनामोचे पोरगे कुंपण तोडून मैदानात घुसले. पोलीस आधी हातावर हात ठेवून उभे होते, मग लाठ्या चालवायला लागले त्या दिनामोच्या पोरांवर. दिनामोचा एकवीस वर्षांचा कर्णधार झ्वोनिमिर बोबान एका पाठीराख्याला मारणाऱ्या पोलिसावर धावून गेला आणि उडी घेऊन त्याने लाथ घातली. ते चित्र सगळ्या देशाने पाहिलं. बोबानवर बंदी आली, त्याचा इटलीतला विश्वचषक हुकला, आणि झाग्रेबमध्ये तो नायक झाला.

युद्ध माक्सिमिरवर सुरू झालं असं लिहायची आता रीतच पडली आहे. मला ते पटत नाही. युद्धं मैदानावर ठरत नाहीत. ती बंद खोल्यांत, शस्त्रागारांत आणि सरकारी टेलिव्हिजनच्या बातम्यांत शिजतात. पण माक्सिमिरवर एक गोष्ट उघडी पडली. एकमेकांवर चालून जायला तयार असलेली, शिस्तीने वागणारी, आदेश मानणारी तरुणांची टोळकी दोन्हीकडे आयती उभी होती. आर्कानने ते बरोबर हेरलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याने स्वयंसेवकांचं सशस्त्र दल काढलं आणि त्यातली बरीच भरती देलियेंमधूनच केली.

त्या उन्हाळ्यात रेड स्टारचा सगळ्यात लाडका खेळाडू, ‘पिक्सी’ द्रागान स्तोयकोविच, मार्सेला गेला. नवा प्रशिक्षक आला ल्युप्को पेत्रोविच. वर्षभरापूर्वी नोवी सादच्या वोय्वोदिनाला त्याने लीग जिंकून दिली होती. त्याच वोय्वोदिनातून हिवाळ्यात सिनिशा मिहायलोविचला रेड स्टारने उचललं आणि संघ पुरा झाला.

युरोपातल्या पहिल्या दोन फेऱ्या झपाट्याने पार पडल्या. झुरिचचा ग्रासहॉपर, मग ग्लासगोचा रेंजर्स. रेंजर्सला बेलग्रेडमध्ये तीन गोल बसले. उपांत्यपूर्व फेरीत समोर आला दिनामो ड्रेस्डेन. पूर्व जर्मनीचा विजेता म्हणून हा क्लब स्पर्धेत आला होता, आणि स्पर्धा चालू असतानाच, ३ ऑक्टोबर १९९० ला, पूर्व जर्मनी हा देशच संपला होता. बेलग्रेडमध्ये ६ मार्चला रेड स्टार ३-० ने जिंकला. तीन दिवसांनी त्याच शहरात सर्बियाचा अध्यक्ष मिलोशेविच याच्याविरुद्ध प्रचंड निदर्शनं झाली, एक तरुण आणि एक पोलीस मेला, संध्याकाळी रस्त्यावर रणगाडे आले. २० मार्चला ड्रेस्डेनमधला परतीचा सामना प्रेक्षकांच्या दंगलीमुळे अर्धवट बंद करावा लागला. तेव्हा रेड स्टार २-१ ने पुढे होता. पुढे तो ३-० असा त्यांना बहाल झाला.

त्या वर्षीचा खरा फुटबॉल मात्र बायर्न म्युनिकविरुद्ध पाहायला मिळाला. १० एप्रिलला म्युनिकमध्ये बायर्नने आधी गोल केला. रेड स्टारचं उत्तर आलं ते आपल्या गोलजवळून सुरू होऊन. प्रोसिनेच्कीने मान वर करून उजवीकडे लांब पास सोडला. बिनिच वाऱ्यासारखा पळणारा. त्याने पहिल्याच फटक्यात चेंडू आत दिला आणि पान्चेव नेमका तिथे होता. पान्चेव नेहमी तिथेच असायचा, त्या हंगामात लीगमध्ये त्याने ३४ गोल केले. दुसरा गोल साविचेविचचा. अर्धं मैदान मोकळं पाहून तो एकटा पळत सुटला, मागे लागलेले जर्मन बचावपटू शेवटपर्यंत मागेच राहिले. २-१.

दोन आठवड्यांनी माराकाना तुडुंब भरलं. मिहायलोविचच्या फ्री किकने रेड स्टारने आघाडी वाढवली. आता झालंच, असं वाटत असताना आउगेनथालरची साधी फ्री किक स्तोयानोविचच्या हातांखालून निसटून आत गेली. मग बेंडरने दुसरा मारला. एकूण हिशेब ३-३. बायर्नचा एक फटका खांबावर आदळला. बेलग्रेडला १९८८ चं धुकं आठवायला लागलं असणार. नव्वदाव्या मिनिटाला मिहायलोविचने डावीकडून क्रॉस टाकला. आउगेनथालरने तो अडवायला पाय घातला आणि चेंडू उंच उडाला, कमान घेत गोलरक्षक आउमानच्या डोक्यावरून खाली आला, आणि आउमानच्या हातांना न जुमानता जाळ्यात गेला. हजारो माणसं मैदानात धावत आली. वेगवेगळ्या वंशांच्या खेळाडूंना खांद्यावर घेऊन नाचणारी ती गर्दी त्या क्षणी पूर्ण प्रामाणिक होती, याबद्दल मला शंका नाही.

आठ दिवसांनी, २ मे रोजी, बोरोवो सेलो या गावात सर्ब बंडखोरांच्या गोळीबारात क्रोएशियाचे १२ पोलीस ठार झाले. मिहायलोविच लहानाचा मोठा झाला तो या परिसरात. त्याचे आईवडील तेव्हा तिथेच होते. आणखी सहा दिवसांनी, ८ मे रोजी, बेलग्रेडमध्ये मार्शल टिटो चषकाचा अंतिम सामना झाला, रेड स्टार विरुद्ध क्रोएशियातला हायदुक स्प्लिट. तो ज्या वातावरणात खेळवला गेला त्याची कल्पनाच केलेली बरी. मिहायलोविच आणि हायदुकचा बचावपटू इगोर स्टिमाच यांच्यात मैदानावर जुंपली आणि दोघांनाही बाहेर काढलं गेलं. त्या दिवशी जे बोललं गेलं ते मिहायलोविचने जन्मभर मनात धरलं. मुलाखतींत तो पुनःपुन्हा त्याबद्दल सांगत असे. हाच स्टिमाच २०१९ पासून पाच वर्षं भारताच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक होता. आपल्याकडे त्याच्या डावपेचांवर आणि त्याच्या रागीटपणावर भरपूर लिहिलं गेलं. तो कुठल्या आगीतून आला होता, हे फार कमी जणांनी लिहिलं. तो सामना हायदुकने बोकशिचच्या गोलने जिंकला आणि टिटोच्या नावाचा चषक स्प्लिटला नेला. तो परत आलाच नाही. पुढच्या वर्षी मागायला तो देशच जागेवर नव्हता.

लीगमध्ये रेड स्टार पहिला आला, दिनामो झाग्रेब दुसरा. १५ मे रोजी फिरत्या अध्यक्षपदाची पाळी क्रोएशियाच्या स्त्येपान मेसिचची होती, सर्बियाच्या गटाने ती अडवली. देशाला राष्ट्रप्रमुख उरला नाही आणि त्याचा फुटबॉल क्लब युरोपियन कपच्या अंतिम सामन्याला निघाला होता.

बारी हे एड्रियाटिक समुद्राच्या या तीरावर, युगोस्लाव्हिया त्या तीरावर. रेन्झो पियानोने विश्वचषकासाठी उभारलेलं नवंकोरं सान निकोला स्टेडियम. समोर मार्से, ज्याच्याकडे पापँ, वॉडल, अबेदी पेले होते. आणि राखीव बाकावर पिक्सी स्तोयकोविच.

सामना रटाळ झाला. म्युनिकमध्ये ज्यांनी डोळ्यांचं पारणं फेडलं, तेच लोक १२० मिनिटं मागे उभे राहिले. पेत्रोविचने खेळाडूंना सांगून ठेवलं होतं : आपण चढाई केली तर मागे मोकळी जागा पडेल आणि मार्से ती सोडणार नाही, चेंडू मिळालाच तर त्यांना परत द्या. साविचेविचसारख्याला हे किती जड गेलं असेल. कित्येक जाणकारांनी तेव्हा आणि नंतरही या भित्र्या खेळाला दोष दिला. मला वाटतं, त्या मुलांचं वय आणि ते ज्या महिन्यातून आले होते तो महिना लक्षात घेऊन मगच निकाल द्यावा. हा संघ पुढच्या वर्षी राहणार नाही हे क्लबातल्या प्रत्येकाला कळून चुकलं होतं. प्रोसिनेच्की चाललाच होता. देशाचं काय होणार ते कुणालाच सांगता येत नव्हतं. पुन्हा संधी मिळणार नसेल तर माणूस सुंदर खेळत नाही, जपून खेळतो. आणि पेनल्टीचं भय वाटावं असं या पोरांचं आयुष्यच नव्हतं. लीगच्या त्या विचित्र नियमाने त्यांना तीन वर्षं हेच शिकवलं होतं.

०-० असा वेळ संपला. जादा वेळातली शेवटची काही मिनिटं उरली असताना मार्सेने स्तोयकोविचला आत आणलं होतं, पण आपल्या जुन्या क्लबावर पेनल्टी मारायला त्याने नकार दिला. पहिली प्रोसिनेच्कीने मारली, गोल. मार्सेकडून अमोरोस आला. स्तोयानोविचने त्याचा फटका अडवला. बायर्नचा तो गोल हातांखालून सोडल्याला पाच आठवडे झाले होते. मग बिनिच, गोल. बेलोदेदिच, गोल. मिहायलोविच, गोल. मार्सेचेही बाकीचे तिघे चुकले नाहीत. पाचवी पान्चेवची. तो शांतपणे आला, मारली, आणि कप बेलग्रेडचा झाला. बेलोदेदिचने तो १९८६ मध्ये स्तेआवा बुखारेस्टकडूनही जिंकला होता. दोन वेगळ्या क्लबांकडून युरोपियन कप जिंकणारा तो पहिलाच.

पुढचं सगळं भराभर घडलं. २५ जूनला स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया वेगळे झाले, दोन दिवसांत लढाई सुरू झाली. दोन्हीकडचे क्लब लीगमधून गेले. प्रोसिनेच्की रेआल माद्रिदला, स्तोयानोविच बेल्जियमला, बिनिच प्रागला. उरलेल्यांनी नवा हंगाम सुरू केला, पण युरोपने बेलग्रेडमध्ये खेळायला बंदी केली. विजेत्या रेड स्टारला ‘घरचे’ सामने हंगेरीत आणि सोफियात खेळावे लागले.

वुकोवारला ऑगस्टच्या अखेरीस वेढा पडला. तो १८ नोव्हेंबरला संपला तेव्हा शहर म्हणून काही उरलं नव्हतं. मिहायलोविचचं घरही त्यात गेलं. पडलेल्या वुकोवारात फिरणाऱ्यांमध्ये आर्कान आणि त्याची माणसं होती. दोन वर्षांपूर्वी त्यातली कित्येक पोरं माराकानाच्या उत्तर गॅलरीत झेंडे हलवत होती. दुसऱ्याच दिवशी, १९ नोव्हेंबरला, रेड स्टार मँचेस्टरला ओल्ड ट्रॅफर्डवर सुपर कप खेळत होता. ज्याचं गाव काल पडलं तो त्याच संघाचा खेळाडू. सामना मँचेस्टर युनायटेडने १-० ने जिंकला, पण रेड स्टारच सरस खेळला असं खुद्द त्यांचा प्रशिक्षक फर्ग्युसनने मान्य केलं. ८ डिसेंबरला टोकियोत त्यांनी चिलीच्या कोलो-कोलोला ३-० ने हरवून जगज्जेतेपद मिळवलं. साविचेविचला पहिल्या अर्ध्यातच लाल कार्ड मिळालं होतं, तिनातले दोन गोल दहा जणांनी केले. घरी ते साजरं करण्याच्या मनःस्थितीत फारसं कुणी नव्हतं.

१९९२ च्या एप्रिलमध्ये युद्ध बोस्नियात शिरलं. मेअखेर संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध लादले, युगोस्लाव्हियाच्या राष्ट्रीय संघाला युरो स्पर्धेतून बाहेर काढलं आणि त्याच्या जागी आयत्या वेळी बोलावलेल्या डेन्मार्कने स्पर्धा जिंकली. त्या उन्हाळ्यात साविचेविच मिलानला, पान्चेव इंटरला, युगोविच साम्पदोरियाला, मिहायलोविच रोमाला, बेलोदेदिच वालेन्सियाला गेले. साविचेविचने युरोपियन कपच्या १९९४ च्या अंतिम सामन्यात बार्सेलोनाची दाणादाण उडवली. युगोविचच्या पेनल्टीने १९९६ मध्ये युव्हेंटसने कप जिंकला. आर्कानवर हेगच्या न्यायाधिकरणाने आरोपपत्र ठेवलं, पण खटला उभा राहण्याआधी जानेवारी २००० मध्ये बेलग्रेडच्या एका हॉटेलात त्याचा खून झाला. मिहायलोविच १६ डिसेंबर २०२२ ला रक्ताच्या कर्करोगाने गेला.

प्रोसिनेच्कीने १९९० च्या विश्वचषकात युगोस्लाव्हियासाठी गोल केला होता. १९९८ मध्ये फ्रान्समध्ये त्याने क्रोएशियासाठी दोन केले, त्यातला एक हॉलंडविरुद्ध तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत. विश्वचषकात दोन देशांसाठी गोल करणारा तो पहिला खेळाडू. त्या क्रोएशियाचा कर्णधार माक्सिमिरवर लाथ घालणारा बोबान होता, बचावात स्टिमाच होता, आणि प्रशिक्षक होता चिरो ब्लाझेविच.